तीच गोळी, वीस वर्षं

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका मराठी घरात 2004 सालापासून डिगॉक्सिनची गोळी येत होती. 0.25 मिलिग्रॅमची, सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी एक, शनिवार-रविवार बंद. पहिली चिठ्ठी समजावून सांगताना गुजराती नर्सबाई ‘शनि-रवि रजा’ म्हणाल्या आणि तो शब्द घरात कायमचा रुळला. आपल्याकडे असंख्य हृदयरोग्यांना हेच पाच दिवसांचं वेळापत्रक लिहून दिलं गेलं आहे.

गोळी घेणाऱ्या आई 2024 मध्ये 74 वर्षांच्या होत्या. गोळी काढून हातावर ठेवणारे अण्णा शहरातल्या एका औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागातून निवृत्त झाले. तिसरी बाजू सुनेची. ती रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे. तिघांची नावं इथे दिलेली नाहीत, कारण त्यांचा वाद एका घरापुरता नाही.

ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर हा वाद पेटला. 26 तारखेला गोकुळाष्टमी होती. आईंचा उपास होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पुढच्या दोन दिवसांत आजवा सरोवरातून आलेलं पाणी आणि पाऊस मिळून विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली. शहराचा मोठा भाग पाण्याखाली, वीज नाही, दुकानं बंद. अण्णांकडे महिन्याभराचा औषधसाठा कोरडा होता, त्यामुळे गोळ्यांची चिंता नव्हती. पाणी ओसरलं आणि आईंना जुलाब लागले. दोन दिवस पेज आणि ताक, त्यातही अर्धं ताट परत. पुढे जुलाब थांबले तरी मळमळ थांबली नाही, अन्नावरची वासना गेली, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. सुनेने मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली, 52 भरली. तिने त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात नेलं. रक्तात डिगॉक्सिन 2.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघालं आणि पोटॅशियम 3.1. गोळी थांबवली, सलाइन आणि पोटॅशियम दिलं, ईसीजीवर सतत नजर ठेवली. पाचव्या दिवशी आई घरी आल्या. पुढची भेट आठवड्याने होती आणि तोवर डिगॉक्सिन बंद.

त्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं, यावरून सासरे आणि सून समोरासमोर बसले.

“एक गोष्ट आधी मान्य कर,” अण्णा म्हणाले. “वीस वर्षांत एकही गोळी जास्त गेलेली नाही. पुरातसुद्धा नाही. वहीत नोंद आहे.”

“मान्य आहे अण्णा. माझं म्हणणं त्याच्याच पुढचं आहे. एकही गोळी जास्त गेली नाही, आणि तरीही विषबाधा झाली.”

अण्णांना हा शब्द लागला. त्यांची बाजू इथे नीट मांडायला हवी, कारण ती अडाण्याची नाही. डिगॉक्सिनच्या इतिहासात गोळीच्या शिस्तीला फार मोठी किंमत आहे आणि ती अण्णांनी नोकरीत शिकलेली आहे. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या लिंडेनबॉम यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या ठिकाणी बनलेल्या, पण वर सारखंच वजन छापलेल्या डिगॉक्सिनच्या गोळ्या घेतल्यावर रक्तातली पातळी सातपटीपर्यंत वेगळी येऊ शकते. औषध तेच, मात्रा तीच, पण एक गोळी पोटात लवकर विरघळते आणि दुसरी तशीच पुढे जाते. त्यानंतर गोळी किती वेळात किती विरघळते, ही चाचणी औषधकोशांत भक्कम झाली. पुढे 2008 मध्ये अमेरिकेत ‘डिजिटेक’ या नावाच्या डिगॉक्सिनच्या गोळ्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या, कारण काही गोळ्या दुप्पट जाडीच्या निघण्याची शक्यता होती.

“म्हणून मी दुकानदाराला सांगतो, हीच कंपनी हवी. ‘काका, बद्धुं सरखुं ज छे’ म्हणून तो दुसरी पुढे करतो. मी घेत नाही.”

“बरोबर करता. या औषधात कंपनी बदलायचीच झाली तर डॉक्टरांना कळवून बदलावी. पण तुम्ही आयुष्यभर गोळी बदलू नये म्हणून झटलात. गोळी नाहीच बदलली. आईंचं मूत्रपिंड बदललं.”

“क्रिएटिनिन 1.2 आहे. मी रिपोर्ट पाहिलाय. ठळक अक्षरांत काही नाही.”

सुनेने वहीचं मागचं पान उघडलं. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं 1976 चं सूत्र फार्मासिस्टला पाठ असतं: 140 वजा वय, गुणिले वजन, भागिले 72 गुणिले क्रिएटिनिन. बाई असेल तर उत्तराला पुन्हा 0.85 ने गुणायचं. 2004 मध्ये आई 54 वर्षांच्या, वजन 52 किलो, क्रिएटिनिन 0.8. उत्तर मिनिटाला 66 मिलिलिटर. आता वय 74, वजन 41, क्रिएटिनिन 1.2. उत्तर जेमतेम 27.

अण्णांनी आकडेमोड स्वतः पुन्हा केली. 27 च आलं.

“वजन उतरलं, स्नायू कमी झाले, म्हणजे क्रिएटिनिन मुळात तयारच कमी होतं. म्हणून रिपोर्ट सभ्य दिसतो. डिगॉक्सिनचा सत्तर-ऐंशी टक्के भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. टाकीत पाणी तेवढंच सोडत राहिलात आणि निचऱ्याचा नळ निम्म्याहून जास्त बंद झाला, तर पातळी चढणारच.”

या घरातल्या वादाचं मूळ इथे आहे, आणि आपल्याकडच्या औषधोपचारातल्या एका मोठ्या हलगर्जीचंही. चिठ्ठी जपून ठेवणारे रुग्ण आपल्याला आदर्श वाटतात. प्लास्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवलेली, कडा पिवळ्या पडलेली चिठ्ठी दुकानात दाखवली की गोळी मिळते. डिगॉक्सिन हे शेड्यूल एचमधलं औषध, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं. पण चिठ्ठी कोणत्या सालची, रुग्णाचं वय आणि वजन तेव्हा काय होतं आणि आज काय आहे, हे काउंटरवर सहसा कोणी विचारत नाही. तक्रार नाही म्हणून तपासणी नाही, असं करत वर्षं जातात.

अण्णा मात्र हटले नाहीत. “तुझ्या हिशेबाने निचरा हळूहळू कमी झाला. मग त्रास गेल्या वर्षी का नाही झाला? पुरानंतरच का? दोष जुलाबांचा आहे. जुलाब गेले, आता गोळी पूर्ववत चालू करायला हरकत काय?”

प्रश्न रास्त होता. जुलाबांनी तीन गोष्टी एकदम केल्या होत्या. शरीरातलं पाणी घटलं, त्यामुळे आधीच मंदावलेलं मूत्रपिंड आणखी मंदावलं. पोटॅशियम वाहून गेलं. आणि त्या सगळ्या दिवसांत आईंची ‘लघवीची गोळी’, म्हणजे फ्रुसेमाइड, नेमाने चालूच राहिली. तीही पोटॅशियम बाहेर काढते. उपासाच्या आणि पेजेच्या दिवसांत भर काहीच पडत नव्हती.

पोटॅशियमचं एवढं महत्त्व का? हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो सोडियम बाहेर ढकलतो आणि पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोव यांनी 1957 मध्ये तो ओळखला आणि त्यासाठी 1997 चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. डिगॉक्सिन याच पंपाला जाऊन चिकटतं. पोटॅशियमही तिथेच झगडत असतं. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं आणि एरवी सोसवणारी पातळीही हृदयाचे ठोके बिघडवू लागते. औषध ठोके आवरण्यासाठी दिलेलं, आणि अति झालं की तेच नवे, जास्त धोक्याचे अनियमित ठोके निर्माण करतं.

“आणि सगळ्यात फसवी गोष्ट ही,” सून म्हणाली, “की डिगॉक्सिन जास्त झाल्याची पहिली खूण मळमळ आणि अन्नावरची वासना जाणं. पूर ओसरलेल्या गावात मळमळ झाली तर कोण गोळीवर संशय घेईल? पावसाळ्यात इथलं आपलं संसर्गजन्य रोगांचं रुग्णालय जुलाब-उलट्यांच्या रोग्यांनी भरतं. त्यातलीच एक, असंच सगळे म्हणणार.”

इतका वेळ पलंगावर टेकून ऐकणाऱ्या आई मध्ये बोलल्या. “मला अन्न नको झालं होतं ते पुराच्या आधीपासून. श्रावण लागल्यापासून. दिव्याभोवती पिवळं दिसायचं, ते मोतीबिंदूचं असेल म्हणून मी काही बोलले नाही.”

दोघेही गप्प झाले. पिवळं दिसणं ही या औषधाची सव्वादोनशे वर्षांहून जुनी ओळख आहे. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरांनी 1785 मध्ये डिजिटॅलिस, म्हणजे फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर पुस्तक लिहिलं. त्यात दीडशेहून अधिक रुग्णांची हकिगत आहे, बरी झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही. उलट्या, मंदावलेली नाडी, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, हे सगळं त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पुढे 1930 मध्ये याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीपासून शुद्ध डिगॉक्सिन वेगळं केलं गेलं. झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, असं मानणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला लागणाऱ्या पिवळ्या कण्हेरीतही याच जातीचं विष असतं, इतकं जवळचं, की श्रीलंकेत कण्हेरीच्या विषबाधेवर डिगॉक्सिनच्या विषबाधेवरचाच उतारा वापरून पाहिला आणि तो लागू पडल्याचं 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं.

आईंच्या बोलण्यानंतर सून जरा आवेशाने म्हणाली, “मग हे औषध हवंच कशाला? डॉक्टरांना सांगू या, कायमचं बंद करा. ठोके आवरायला बीटा ब्लॉकर आहेत.”

आता अण्णांची पाळी होती, आणि इथे ते सरस ठरले. “आईंचा रक्तदाब किती असतो? वरचा शंभर-एकशेपाच. बीटा ब्लॉकरने तो आणखी उतरेल. 2013 साली देऊन पाहिला होता, वहीत बघ. महिनाभर चक्कर, पायांत त्राण नाही. आणि तू म्हणतेस तसं हे औषध टाकाऊ असतं, तर इंग्लंडात त्याची पुन्हा चाचणी कशाला झाली असती? 2020 मध्ये निकालही आला.”

ते ‘रेट-एएफ’ या अभ्यासाबद्दल बोलत होते. कायमचं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे सतत अनियमित ठोके, असलेल्या साठीपुढच्या 160 रुग्णांपैकी निम्म्यांना कमी मात्रेत डिगॉक्सिन आणि निम्म्यांना बिसोप्रोलॉल दिलं गेलं. सहा महिन्यांनी रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या शारीरिक बऱ्या-वाइटात फरक नव्हता, ठोक्यांची गती दोन्हीकडे सारखीच आवरली होती, आणि दुष्परिणाम डिगॉक्सिनच्या गटात कमी होते. अभ्यास लहान होता हे खरं. पण औषध जुनं म्हणून मोडीत काढण्याला त्याने आधार दिला नाही.

“कमी मात्रेत,” सुनेने शब्द पकडला. “अण्णा, तुम्हीच म्हणालात.”

“आईंची मात्रा कमीच आहे. दोन दिवस रजा असते ना? आठवड्याचे सव्वा मिलिग्रॅम भागिले सात, रोजचे 0.18.”

“अमेरिकेतल्या वृद्धांसाठीच्या औषधसूचनांत, ज्यांना बीअर्स निकष म्हणतात, रोजची मर्यादा 0.125 आहे. आणि सरासरी ही कागदावर. मूत्रपिंड धड असेल तर या औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला दीड ते दोन दिवस लागतात. शुक्रवारच्या गोळीपासून सोमवारच्या गोळीपर्यंत 72 तास. तेवढ्यात पातळी तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते, मग पाच दिवस चढत जाते. मूत्रपिंड मंद असेल तर दोन दिवसांच्या रजेत ती पुरती उतरतही नाही. रोज एकसारखी लहान मात्रा का नको?”

अण्णांनी याला उत्तर दिलं नाही, पण मानही डोलावली नाही. पाच दिवसांच्या पद्धतीने देशात लाखो गोळ्या दिल्या गेल्या आहेत आणि माणसं जगली आहेत, एवढंच ते म्हणाले. खरं तर ही पद्धत आली तीही विषबाधेच्या भीतीपोटीच. पातळी मोजण्याची सोय गावोगाव नव्हती, बाजारात मोठी गोळी होती, तेव्हा दोन दिवस सुट्टी देणं हा डॉक्टरांचा समजूतदारपणा होता. आज बडोद्यात रक्तातली पातळी मोजून मिळते, मग जुन्या सावधगिरीवर थांबून राहण्याचं कारण उरत नाही.

ती मोजण्यावरूनही दोघांचं जुंपलं. अण्णांना सतत रक्त काढणं पसंत नाही. एकेचाळीस किलोच्या बाईचे दंड काळेनिळे झालेले त्यांनी पाहिले होते. सुनेलाही दरमहा चाचणी नको होती. तिचं म्हणणं, प्रसंग पाहून करावी: मात्रा बदलल्यावर, मूत्रपिंड बिघडल्यावर, नवं औषध सुरू झाल्यावर, किंवा मळमळ, अंधारी, मंद नाडी अशी खूण दिसल्यावर. आणि केलीच तर वेळ साधून करावी. सकाळी सातला गोळी आणि आठला रक्त न्यायला मुलगा दारात, असं झालं तर आकडा खोटा चढा येतो, कारण औषध अजून रक्तातून पेशींत पसरलेलं नसतं. निदान सहा तास गेले पाहिजेत. त्यापेक्षा त्या दिवशी रक्त आधी द्यावं आणि गोळी मग. आकडा किती हवा, तर साधारण 0.5 ते 0.9. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांच्या 1997 च्या मोठ्या अभ्यासाची नंतर फेरतपासणी झाली, तेव्हा 1.2 च्या पुढची पातळी असलेल्या पुरुषांत मृत्यू जास्त आढळले होते. जास्त औषधाने जास्त गुण येत नाही, हे या गोळीच्या बाबतीत आकड्यांनीच दाखवलेलं आहे.

मग दोघांनी औषधांचा डबा पालथा घातला. हे काम प्रत्येक घरात व्हायला हवं, निदान वर्षातून एकदा.

डब्यात मागच्या खोकल्याच्या वेळचं क्लॅरिथ्रोमायसिन होतं, तीन गोळ्या उरलेल्या. ते डिगॉक्सिनची पातळी वाढवतं. अमिओडॅरोन आणि व्हेरापामिल ही हृदयाचीच औषधंही ती वाढवतात. या बाबतीत इतिहास अंगावर येणारा आहे. ठोके ताळ्यावर आणणारं क्विनिडिन आणि डिगॉक्सिन डॉक्टर अनेक दशकं बरोबरीने देत आले, आणि क्विनिडिनमुळे डिगॉक्सिनची पातळी जवळजवळ दुप्पट होते हे 1978 मध्ये उघडकीला आलं. खाली ज्येष्ठमधाची पूड निघाली. घसा बसला की आई ती चमचाभर मधातून घेतात.

“ज्येष्ठमधाने काय होतंय?” आईंनी विचारलं.

“रोज घेतलं तर पोटॅशियम उतरतं, आई. तुमच्या दोन गोळ्यांच्या जोडीला हा तिसरा नको.”

इसबगोल मात्र उलट काम करतो. तो गोळीबरोबरच घेतला तर औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन तासांचं अंतर हवं. अर्जुनसालीच्या काढ्याची बाटली शेजारच्या बेननी प्रेमाने दिली होती. ती सुनेने फेकली नाही. डॉक्टरांना दाखवायच्या पिशवीत ठेवली, कारण रुग्ण काय काय घेतो हे डॉक्टरांना कळल्याशिवाय चिठ्ठी पुरी होत नाही.

रक्त पातळ करायच्या गोळीवर दोघांचं एकमत होतं. डिगॉक्सिन ठोक्यांची गती आवरतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाणं त्याने थांबत नाही. आईंची मायट्रल झडप लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेली. अशा झडपेच्या रुग्णांसाठी नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या बऱ्या पडतील का, हे पाहायला भारतासह 24 देशांत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला. 2022 मध्ये त्याचा निकाल आला तो जुन्या, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) तपासून द्यायच्या गोळ्यांच्या बाजूने. अण्णा हे समाधानाने सांगत होते, आणि त्यांचा हक्क होता; दर महिन्याचा आयएनआर त्यांनी कधी चुकवलेला नाही.

“तोच नेम डिगॉक्सिनला लावा,” सून म्हणाली. “आयएनआर पाहून तुम्ही मात्रा बदललेली चालवून घेता. मग क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहून का नको?”

थोड्या वेळाने अण्णांनी नवा कागद घेतला. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी आपल्या रेखीव अक्षरात उतरवले. डिगॉक्सिन पुन्हा द्यायचं का, आणि दिलं तर रोज किती? नाडी कितीखाली गेली की गोळी न देता आधी फोन करायचा? सर्वसाधारण सल्ला साठचा असतो, पण आईंची विश्रांतीतली नाडीच कमी असेल तर त्यांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवून द्यावा. जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवशी लघवीची गोळी आणि डिगॉक्सिन यांचं काय करायचं? क्रिएटिनिन आणि पोटॅशियम किती महिन्यांनी? गोळी राहून गेली आणि बारा तास उलटले तर ती सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत, हे सुनेने त्याखाली लिहायला लावलं. दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे करायला 1800-180-3024 हा मोफत क्रमांक तिने दिला आणि ही नोंद रुग्णाच्या घरचेही करू शकतात, असं सांगितलं. अण्णांना हे नवं होतं.

एका मुद्द्यावर मात्र दोघे त्या रात्री वेगळेच राहिले. डॉक्टरांनी 0.125 सांगितलं तर सुनेच्या मते 0.25 ची गोळी मधल्या रेघेवर अर्धी करून द्यावी. अण्णांना ते पटेना. सुरीने तोडलेल्या दोन अर्ध्या गोळ्यांचं वजन सारखं भरत नाही, हे त्यांनी स्वतः तराजूवर पाहिलं होतं, आणि या औषधात एवढा फरकही त्यांना चालवून घ्यायचा नव्हता. कमी ताकदीची गोळी मिळाली तर तीच आणू, त्यासाठी सगळ्या शहरात फिरायला लागलं तरी चालेल, असं ते म्हणाले. सुनेने तो प्रश्नही यादीत शेवटी घालायला सांगितला.